भरलेल्या नांग्या

"हा आजोबा आहे," मावशी झाडापुढं उकिडवी बसत म्हणाली.

"झाड आहे ते," लेक म्हणाली. "आजोबा असते तर एव्हाना चहा मागितला असता."

मावशी हसली नाही. हनुवटीला धरून एखाद्या पोराचं तोंड बघावं तसं तिनं फूल दोन बोटांत धरून आपल्याकडं वळवलं. पिवळ्याधमक पाकळ्या आणि आत घशाशी प्रत्येक पाकळीला एक लाल ठिपका. पान पंज्यासारखं खोल कापलेलं, त्यावर बारीक लव. बोंड बघायला गेलं तर लिंबाएवढंही नाही.

"आणि हा शेजारचाही आजोबाच. आणि तो पलीकडचा बघ. एका ओळीत तीन आजोबा?"

"बरं आहे की. पत्ते खेळतील."

एवढं बोलून लेक शिंकली. लगोलग दुसरी शिंक आली. मावशी हातातलं फूल तसंच धरून थांबली. दोन श्वास गेले, आणि मग तिसरी आली, चांगली दणदणीत.

"काय बघतेस गं दरवेळी?" लेकीनं नाक पुसत विचारलं.

"काही नाही," मावशी म्हणाली आणि चौथा आजोबा शोधायला लागली.

सगळं कापूस संशोधन केंद्र तिला मावशी म्हणायचं. घरी लेकही मावशीच म्हणायची. त्यामुळं या हंगामात लेक तिथंच रोजावर लागली तेव्हा तिला हाक बदलावी लागली नाही, आणि या दोघी एका घरच्या आहेत हे कळायला निम्म्या लोकांना महिना लागला.

मावशीचं काम अंगठ्याचं. उजव्या अंगठ्याचं नख तिनं बावीस हंगाम वाढवून ठेवलं होतं. उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी हेरायची, नखानं तिच्या बुडाशी गोल चीर द्यायची आणि एका हलक्या पिळ्यात पाकळ्या नि पुंकेसर टोपीसारखे उतरवायचे. आतली मधली दांडी तेवढी राहिली पाहिजे, तिला ओरखडा नको. वर कागदाची पिशवी चढवायची. सकाळी दुसऱ्या झाडाचं फूल आणून पराग लावायचा आणि दोरा बांधून चिठ्ठी अडकवायची. झालं लग्न. शिकून आलेली मंडळी चिमटा घेऊन बसायची आणि दिवसाला तीस कळ्या करायची. मावशी दीडशे करायची, वर मुकादमाच्या आवाजाची नक्कल करून दाखवायची. त्या नखापायी घरातलं कणीक मळणं मात्र कायमचं नवऱ्याकडं गेलं होतं. तो सायकली दुरुस्त करायचा, त्यामुळं पोळीला कधीकधी ग्रीसचा वास यायचा. पण तोंडातून तक्रार काढायची तर कणीक स्वतः मळावं लागलं असतं.

या शेतातल्या झाडांची सोयरीकही मावशीनंच जुळवली होती. आई नाजूक. धागा लांब, मऊ, बघत राहावा असा. पण मर रोग लागला की आठ दिवसांत मान टाकणारी. हा रोग मातीतून येतो. बुरशी मुळातून शिरते आणि झाडाच्या नळ्याच तुंबवून टाकते, मग पाणी उशाशी असून झाड तहानेनं मरतं. बाप मात्र रानदांडगा. धागा आखूड, खरखरीत, कुणी फुकट घेणार नाही. पण रोग त्याच्या मुळाशी येऊन हात हलवत परत जायचा. दोघांची मुलं सगळीच्या सगळी जगली होती. आता यंदा त्या मुलांची मुलं, म्हणजे नातवंडं, पेरली होती; त्यांचा आजोबा म्हणजे हाच रानदांडगा. मोजून चारशे. आणि तीही मरणवाफ्यात.

मरणवाफा हे कामगारांनी ठेवलेलं नाव. मेलेली झाडं बारीक करून वर्षानुवर्षं तिथल्याच मातीत मिसळलेली, म्हणजे रोग तिथं पोसलेलाच. दर आठ ओळींनंतर एक ओळ अशा जातीची, जी हमखास मरते. ती मेली म्हणजे परीक्षा खरी. बाकीच्यांत कोण मरतं नि कोण तगतं, एवढंच बघायचं. बापाचा काटकपणा एकाच जनुकात असेल तर चार नातवंडांत तीन जगणार, एक मरणार, असं हा प्रयोग ज्यांचा त्या मॅडमनी मावशीला चार बोटं दाखवून समजावलं होतं. मावशीला हे पटलं होतं. खाण तशी माती असतेच. फक्त कुठली माती कुठल्या नातवात उतरली ते पेरल्याशिवाय कळत नाही.

मॅडम बाळंतपणाच्या रजेवरून परत आल्या आणि आल्या आल्या त्यांनी ओळी मोजल्या. चारशेत दोनशे अठ्ठ्याण्णव उभी होती. "मावशी, इतका स्वच्छ आकडा मी आजवर पुस्तकातच बघितला होता!" म्हणत त्यांनी मावशीचे दोन्ही हात धरून हलवले होते. जगलेल्यांतली चांगली वीस झाडं निवडा, त्यांना पुन्हा नाजूक आईशी जोडायचंय, असं त्यांनी सांगितलं म्हणून तर मावशी आज या वाफ्यात उतरली होती. तिचा हंगाम पलीकडच्या शेतात कळ्या सोलण्यात गेला होता. हा वाफा लेकीच्या हाती होता.

चौथा आजोबा सापडला, मग पाचवा. चारशे नातवंडांत एखाददुसरं हुबेहूब आजोबांच्या वळणावर जातं, त्यात नवल नाही. पण ओळीला चार-पाच? शिवाय हे आजोबा बाकीच्या झाडांपेक्षा वीतभर बुटके होते आणि बुडाशी मातीचा छोटा उंचवटा होता, कुणीतरी हातानं दाबून बसवल्यासारखा.

"या ओळींत नांग्या पडल्या होत्या का गं?" मावशीनं आवाज होईल तितका सहज ठेवून विचारलं.

ओळीत रोप मेलं की जी रिकामी जागा पडते, ती नांगी. आणि नांग्या भरायच्या असतात, हे कापूस पिकवणाऱ्या घरात पोराला बोलायला यायच्या आधी कळतं.

"पडल्या होत्या की! दात पडलेल्या म्हातारीसारख्या दिसत होत्या ओळी," लेक म्हणाली. तिच्या आवाजात कौतुकाची वाट बघणं होतं. "जमल्या तितक्या भरून काढल्या मी."

"कशानं?"

"तुझ्याच पिशव्यांनी. त्या बापाच्या रोपांच्या पिशव्या उरल्या होत्या बघ तुझ्याकडं. तूच म्हणालीस, जीव आहे त्यात, उकिरड्यावर टाकू नको, कुठंतरी जागा बघून लाव."

मावशी मातीतच बसली. ती म्हणाली होती. शब्द न् शब्द म्हणाली होती, हातात चहाचा कप होता, घाई होती, आणि पोर किती गुणाची असं मनात आलं होतं तेसुद्धा तिला आठवलं.

"मॅडमनी काय सांगितलं होतं तुला?"

"रजेवर जाताना? तण काढ, पाणी दे, मेलेलं रोप उपटून बारीक करून तिथंच मातीत टाक. एवढंच." लेकीचा आवाज आता जरा सावध झाला. "भरू नको असं कुणी म्हटलं नाही."

"म्हणायला लागतं का ते?" मावशी म्हणाली. आणि म्हणता म्हणता तिला कळलं की लागतं. जिनं जन्मभर नांग्या भरायलाच शिकवलं, तिनं तर म्हणायलाच हवं होतं.

मग तिनं लेकीला समजावलं. इथं मेलेल्या झाडाची रिकामी जागा हेच उत्तर असतं. मेलेल्याच्या जागी तू न मरणारा आजोबा आणून बसवलास आणि मॅडमनी तो जगलेलं नातवंड म्हणून मोजला. लेक ऐकत गेली तसा तिचा चेहरा उतरत गेला.

"सोमवारी समितीची बैठक आहे ना मॅडमची?"

"हो."

"आणि मुकादम ती कायम करायच्यांची यादी पण सोमवारीच देणारेत. माझं नाव आहे त्यात."

"माहितीये मला," मावशी म्हणाली. नाव घाला म्हणून मुकादमाच्या मागं तीच तर लागली होती. माझी लेक आहे, हात चांगला आहे, कुठं चुकायची नाही.

संध्याकाळी सायकलीच्या दुकानामागच्या त्यांच्या दोन खोल्यांत भाजी झाकून तशीच होती. नवरा चाकाची तार आवळत दारात बसला होता. मावशी अंगठ्याच्या नखातली माती काडीनं काढत होती. शेवटी लेकच फुटली.

"सांगायलाच पाहिजे का?"

"हं."

"कुणाला कळणारे? कोण पुन्हा मोजायला येणारे?"

"पेरणारे," मावशी म्हणाली. "समिती म्हणेल काम झालं, बियाणं वाढवा. लोक रोगाच्या रानात विश्वासानं पेरतील. आणि मग ते मोजतील. नीट मोजतील."

"मग एक-दोन वर्षांनी हळूच सांगितलं तर? मी कायम झाल्यावर?"

"तेव्हा तर तू मुळीच सांगू देणार नाहीस. आणि तेव्हा मीही गप्प बसेन, मला माहितीये माझं."

लेक उठून उभी राहिली. तिचा राग नेहमी असाच, आधी पायात यायचा. "आणि तू? तूसुद्धा भरलीच की नांगी. आईची जागा. तेव्हा आलं होतं का कुणी सांगायला, की हे झाड या ओळीतलं नाही म्हणून?"

दारात पान्हा खाली पडला. नवऱ्यानं तो उचलला, पण पुन्हा चाकाला लावला नाही.

मावशीची थोरली बहीण तापानं गेली तेव्हा लेक आठ महिन्यांची होती. दोन्हीकडची मोठी माणसं याच खोलीत जमली, आणि दुपार कलायच्या आत त्यांचं ठरलं. तान्ही पोर आहे, परकी कशाला, धाकटी आहेच की. धाकटी एकोणीस वर्षांची होती आणि त्या वेळी आत चहा गाळत होती. नव्या नवरीला अवघड वाटू नये म्हणून थोरलीचा फोटो भिंतीवरून उतरवून पेटीत ठेवला. आता जुनं उगाळायचं नाही, असं सगळ्यांनी एकमेकांना बजावलं. खिळा राहिला. त्यावर गेली पंचवीस वर्षं कॅलेंडर लटकत होतं, दर वर्षी नवं. मावशीनं सगळं केलं. दूध, गोवर, शाळा, पहिल्या पाळीची पोटदुखी. एकच केलं नाही. पोर बोलायला लागली आणि "मावशी" म्हणाली, तेव्हा कुणीतरी म्हणालं, "आई म्हणायला शिकव तिला." मावशी म्हणाली होती, "असू दे. आहे ते आहे."

हे सगळं तिच्या तोंडापर्यंत आलं आणि तिनं गिळलं. "भाजी गार होतेय," एवढंच ती म्हणाली.

सकाळी लेक उठायच्या आत ती निघाली. वाटेत मरणवाफ्यातून एक आजोबा मुळासकट उपटला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि मॅडमच्या खोलीत जाऊन थेट टेबलावर ठेवला. टेबलावर दुधाची छोटी बाटली होती आणि शेजारी रंगीत कागदावर भल्यामोठ्या आकड्यांत २९८.

"मावशी, अहो टेबलावर माती?"

"मातीच दाखवायला आणलीय. मूळ बघा."

मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला. सोटमूळ बुडाशी एक पूर्ण गोल वेटोळं घेऊन मग सरळ खाली गेलं होतं. पिशवीतल्या रोपाचं असंच होतं; ते आधी पिशवीचा आकार घेतं आणि जमिनीत लावलं की मग खाली वाट काढतं. सांगायच्या आत त्यांना कळलं होतं.

"किती आहेत अशी?"

"साठ-सत्तर असतील. एकेक ओळखून देते."

"कोणी लावली?"

"पिशव्या माझ्या. जागा बघून लाव असं मी सांगितलं. लावल्या लेकीनं. तिला ठाऊक नव्हतं, मला ठाऊक होतं आणि मी सांगितलं नाही. यात तिच्या वाटणीचं किती, माझ्या वाटणीचं किती, ते तुम्ही ठरवा."

मॅडम खुर्चीत मागं टेकल्या. त्यांचे डोळे भरलेले होते, पण आवाज कोरडा होता. "मी खोडं मोजली, मावशी. फुलं बघितलीच नाहीत. तीनशेच्या जवळ आले म्हणून नाचले. अडीचशे आले असते ना, तर दहा वेळा जाऊन बघितलं असतं." त्यांनी रंगीत कागद उलटा घातला. "तुम्ही गप्प राहिला असतात तर मला कधीच कळलं नसतं."

"तुम्हाला नसतं," मावशी म्हणाली. "रोगाला कळलं असतं."

उपटायला सुरुवात केली तेव्हा ऊन अजून कोवळं होतं. पहिल्या ओळीच्या तोंडाशी लेक उभी होती. डोळे सुजलेले, हातात खुंट्यांची मोळी. कुणी बोलावलं नव्हतं. मॅडम मागं वही घेऊन होत्या.

मावशी फूल बघायची, पान उलटून लव बघायची, बुडाची माती नखानं उकरून मुळाचं वेटोळं चाचपायची आणि मान हलवायची. लेक उपटायची. झाडं धडधाकट होती, बोंडांनी लगडलेली. मुळं सुटताना फटफट आवाज यायचा आणि दर वेळी लेकीचा खालचा ओठ दाताखाली जायचा. रिकाम्या जागी खुंटी ठोकायची आणि तिला चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर एकच शब्द: मेलं.

दहाव्या ओळीत लेकीनं सवयीनं एका आजोबाला हात घातला.

"थांब," मावशी म्हणाली. ठिपका होता, लव होती, बोंडही तसंच. पण नखाला वेटोळं लागलं नाही. मूळ सरळ खाली गेलं होतं. "हे राहू दे. हे इथलंच आहे. नुसतं आजोबांवर गेलंय."

दुपारी मोजणी संपली. सकाळी मॅडमकडं नेलेला धरून सदुसष्ट आजोबा बांधावर आडवे पडले. उभी राहिली दोनशे एकतीस, मेलेली एकशे एकोणसत्तर. मॅडम बांधावरच बसून वहीत काहीतरी मांडत राहिल्या.

"सोळात नऊ जगल्यासारखी दिसतायत," अखेर त्या म्हणाल्या. "म्हणजे जनुक एक नसावं, दोन असावीत. दोन किल्ल्यांचं कुलूप. एक किल्ली आली नि दुसरी नाही, तर ते झाड मरणार. बहुतेक. पुन्हा पेरल्याशिवाय छातीठोक सांगणार नाही मी."

"मग पेरू की," मावशी म्हणाली.

"वेळ दुप्पट लागेल. आणि माझी नेमणूक हंगाम संपेपर्यंतचीच आहे." त्यांनी वही मिटली. "सोमवारी हेच सांगते समितीला. बघू काय म्हणतात."

मुकादम सायकलवरून आला, बांधावरचा ढीग बघितला, मॅडमशी हळू आवाजात बोलला. जाताना मावशीच्या नजरेला नजर देईना, तेव्हा यादीचं काय झालं ते विचारायची गरज उरली नाही. लेकीनंही बघितलं. राहिलेल्या खुंट्या मोजायला लागली.

मॅडम गेल्यावर वाफ्यात दोघीच उरल्या. शेवटच्या ओळीतल्या काही खुंट्या बसवायच्या होत्या. लेक वाकून माती दाबत होती. तोंड खालीच ठेवून तिनं विचारलं, "मावशी, मी कोणावर गेलेय गं?"

मावशीच्या हातातली चिठ्ठी तशीच राहिली. पंचवीस वर्षांत हा प्रश्न घरात कुणी विचारला नव्हता. उत्तर मात्र तिच्याकडं रोज तयार असायचं.

उपटलेल्या मुळांची धूळ अजून हवेत होती. लेक शिंकली. दुसरी आली. मावशी थांबली, आणि या वेळी लेकही खुंटी हातात धरून मावशीकडं बघत थांबली. एक श्वास. दुसरा. लांब कुठंतरी पंप सुरू झाला.

तिसरी आली.

"अशीच," मावशी म्हणाली. "तुझी आई अगदी अशीच शिंकायची. दोन लागोपाठ, आणि मग सगळ्या घरानं तिसरीची वाट बघायची. आमचे वडील घास हातात धरून थांबायचे. म्हणायचे, येऊन जाऊ दे तिची, मग जेवू."

लेक हसायला गेली आणि ते हसू अर्ध्यातच राहिलं. तिनं पालथ्या मनगटानं नाक पुसलं.

"अजून सांग," ती म्हणाली.

"सांगते. आधी ही बसव."

लेकीनं खुंटी रिकाम्या जागेच्या बरोबर मध्यावर धरली. मावशीनं वरून दगडानं दोन घाव घातले, आणि ती सरळ उभी राहिली की नाही ते दोघींनी जरा मागं सरकून बघितलं.